बेलचा पल्ला

१

लकव्याने बायडाबाईंची उजवी बाजू नेली, वाचा नेली, पण हुकूम काही नेला नाही. घोडेगावच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत शेतात गोसाव्यांची वस्ती आहे. तिथल्या तीन खोल्यांच्या स्लॅबच्या घरावर बाईंनी उभ्या असताना राज्य केलं, आणि आडव्या झाल्यावरही सोडलं नाही. डाव्या हाताने पितळी तांब्या खाटेच्या गजावर आपटला की घर हललं पाहिजे. तांब्याला इतके पोचे आले की त्यांची सून सुकन्या म्हणायची, यात आता पाणी कमी आणि राग जास्त मावतो. हे ती अर्थातच स्वयंपाकघरात म्हणायची.

शेवटी त्यांचा मुलगा मच्छिंद्र नगरहून बिनवायरची बेल घेऊन आला. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तो नागापूरला एका कारखान्यात फिटर होता आणि तिथल्या साहेबाच्या बंगल्यावर त्याने तसली बेल पाहिली होती. दोनच वस्तू. एक काडेपेटीएवढं बटण, आत करंगळीच्या पेराएवढा सेल. दुसरा साबणाच्या डबीसारखा पांढरा डबा, त्यात पेन्सिल सेल. मध्ये तार नाही, काही नाही. इकडे बटण दाबलं की तिकडे डबा डिंग-डाँग करायचा, मग लाइट असो नाहीतर नसो.

पहिल्याच सुट्टीला त्याने पल्ला तपासला. सुकन्या डबा घेऊन चुलीपाशी उभी राहिली आणि तो बटण दाबत दाबत अंगणातून निघाला. “वाजली!” ती ओरडली. तो गोठ्यापाशी गेला. “वाजली!” विहिरीपाशी गेला. “वाजली!” मोटरीच्या खोपटाच्या पलीकडे मात्र तो अंगठा दुखेपर्यंत दाबत राहिला आणि डबा गप्प.

“हिरीपतूर पल्ला हाय,” परत येऊन तो घाम पुसत म्हणाला. “लई झालं. आईला कुटं हिरीपल्याड जायाचंय?”

बायडाबाईंनी खाटेवरून लेकाकडे अशा नजरेने पाहिलं की तो मुकाट्याने चहा मागायला आत गेला.

बेल आली आणि घर सुधारलं. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की चहा, आणि थांबायचं नाव न घेता वाजत राहिली की शुभीला आण. शुभी म्हणजे शुभांगी, सुकन्याची तीन वर्षांची पोर. साऱ्या दुनियेत म्हातारी चिडत नसे अशी ती एकटीच. बेल वाजली की सुकन्या सासूला “आले आत्या” म्हणायची आणि हातातलं टाकून उठायची. तिला त्या घरात प्रेम मिळालं असं नाही, पण बेल वाजली आणि ती गेली नाही असं कधी झालं नाही.

बटण मात्र सारखं खाटेखाली पडायचं. तेव्हा सुकन्याने ते लाल खणाच्या तुकड्यात शिवून टाकलं आणि काळ्या दोऱ्याने बाईंच्या डाव्या मनगटाला सैल बांधलं. ते बरोबर तळहातात यायचं आणि कापडावरून दाबता यायचं. लांबून कुणालाही तो ताईत वाटला असता.

२

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी, चहा झाल्यावर, बायडाबाई झोपेतच गेल्या. बेल वाजली नव्हती. सुकन्याने हे ज्याला त्याला सांगितलं, आणि ते खरंच होतं.

आंघोळ घालायला मच्छिंद्रची चुलती राहीबाई पुढे झाली. सुकन्या तेव्हा रडणाऱ्या शुभीला घेऊन आत होती. राहीबाईने चांदीच्या पाटल्या उतरवल्या, कानातलं काढलं, आणि मनगटावरचा लाल ताईत पाहून दोन्ही हात जोडले. त्या घरात नाथांचं मोठं प्रस्थ. जो ताईत माणसाने जिवंतपणी मनगटावर वागवला, तो मेल्यावर सोडायची कुणाची छाती होणार? गोसावी जाळत नाहीत, माती देतात, तीही बसवून. विहिरीच्या पलीकडे, बांधावरच्या बाभळीखाली बायडाबाईंना मांडी घालून बसवलं आणि बटणासकट माती दिली.

सुकन्याला संध्याकाळी आठवण झाली. राहीबाईने कपाळावर हात मारला. “म्या म्हनलं गुरूनं बांधलाय! मला काय ठावं त्यात करंट हाय म्हनून?” त्या रडारडीतही दोघीतिघी बायांना हसू आलं. मच्छिंद्र म्हणाला, राहू द्या, आईचंच होतं. विषय तिथेच संपला.

३

दिवस झाले, पाहुणे गेले, मच्छिंद्रची ड्युटी सुरू झाली. ती दुपार अशी होती की कोंबड्यासुद्धा गोठ्याच्या सावलीला चोच उघडी टाकून बसल्या होत्या. शुभी मधल्या खोलीत गोधडीवर झोपली होती. सुकन्या स्वयंपाकघरात सूप घेऊन गहू निवडत होती.

डिंग-डाँग.

“आले आत्या,” सुकन्या म्हणाली. सूप बाजूला ठेवलं, माठातून तांब्या भरला, मधली खोली ओलांडली आणि कोपऱ्यातल्या खोलीच्या उंबऱ्यावर आली. समोर खाट होती. गादी गुंडाळून दोरीने बांधलेली, खिडकी लावलेली. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

संध्याकाळी मच्छिंद्र हसला. एकाच जातीच्या दोन बेली असल्या तर एकीच्या बटणाने दुसरी वाजते, त्याने समजावलं. कारखान्यात साहेबाच्या गाडीच्या रिमोटनेही असले घोळ होतात. “रस्त्यानं कोन गेलं असंल.”

“रस्ता हितून केवढा लांब. त्यो पल्ल्यात येतो का?”

“मग मातीनं बटन दाबलं जात असंल. वरची माती बसती की खाली.”

“पन तुमीच बघितलं हुतं ना, हिरीपल्याड वाजत न्हाई म्हनून?”

मच्छिंद्रने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो नुसताच हातात धरून बसला. मग उठून त्याने डबा फडताळावरून काढला, झाकण उघडलं आणि पेन्सिल सेल काढून खिशात टाकले. “झालं. आता काय वाजतंय?”

सुकन्याला खरंच हलकं वाटलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, म्हणून ती स्वतःवरच हसली.

४

डबा गप्प झाला त्याच आठवड्यात, दुपारी भांडी घासून सुकन्या आत आली तर गोधडीवर शुभी नव्हती. अंगणात नाही, गोठ्यात नाही. सुकन्या विहिरीकडे धावली. विहिरीच्या काठावरून वाकून पाहताना तिने ज्या ज्या देवाचं नाव आठवेल ते घेतलं. पाणी स्थिर होतं.

शुभी कोपऱ्यातल्या खोलीत सापडली. अंधारात, खाटेच्या पायथ्याशी, गुडघे जवळ घेऊन बसली होती. पुढ्यात पाण्याने भरलेला पेला. माठाचं झाकण तिला अजून उचलता येत नसे.

“हितं काय करतीस गं?”

“आजीनं बोलावलं.”

“कसं बोलावलं? आजीला बोलता येत न्हाई.”

शुभीने आईकडे असं पाहिलं, जणू आईलाच काही कळत नाही. “बेल वाजली ना. तू आलीच न्हाईस.”

सुकन्याने तिला उचललं, बाहेर आणलं, तिच्या कपाळावरून कडाकडा बोटं मोडली. रात्रभर विचार करून तिने जे ठरवलं ते ऐकून मच्छिंद्रला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. सकाळी तिने त्याच्याकडे सेल परत मागितले.

“बेल वाजली की मला ऐकू आली पायजे,” ती म्हणाली. “मी उठले न्हाई तर ती उठती. त्यापरीस मीच आधी जाईन.”

ती पुढे म्हणाली, “नायतर बटन काढून आना.”

“बसवलेल्या मानसाला उठवू?” मच्छिंद्रचा आवाज एकदम चढला. “आईला? येड लागलं का तुला?”

त्याने सेल दिले. नागापूरची गाडी पकडायला तो चहा न पिताच बाहेर पडला.

५

आता बेल रोज वाजू लागली, आणि ती एकदाच वाजून थांबत नसे. थांबायचं नावच नसे. त्याचा अर्थ सुकन्याला पाठ होता. ती कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची, रिकाम्या खाटेला म्हणायची, “झोपलीय ती, आत्या. उठली की आनते.” मग बेल बंद व्हायची. आपण खाटेशी बोलतोय याची तिला लाज वाटायची, आणि बेल खरोखरच बंद होते याची भीती वाटायची.

पण सुकन्या दहावी शिकलेली बाई होती आणि भित्री नव्हती. एका दुपारी शुभीला झोपवून, बाहेरून कडी घालून ती डबा हातात घेऊन निघाली. बटण जिथे असेल तिथे डबा नेला की सोक्षमोक्ष लागेल, एवढा साधा हिशेब. ऊन डोक्यात उतरत होतं. विहीर ओलांडली, खोपट ओलांडलं, बाभळीखाली मातीच्या उंचवट्यापाशी ती उभी राहिली. डबा गप्प. तिने तो मातीवर टेकवला. तरी गप्प. एक होला कुठेतरी घुमत होता, तेवढाच आवाज. तिला रडावंसं वाटलं, इतकं बरं वाटलं. बटण मातीत होतं, मेलेलं होतं, बाकी सगळे मनाचे खेळ होते.

परत येताना विहिरीपाशी डबा तिच्या हातात वाजला. अंगणात आल्यावर पुन्हा वाजला. जसजशी ती घराकडे जात होती तसतसा तो जास्तच उतावीळ होत होता.

त्या संध्याकाळी मच्छिंद्र हसला नाही. म्हणाला, “हे बघ, बटनातला सेल काय जन्माला पुरत न्हाई. जसा उतरंल तसा पल्ला कमी व्हईल. आज हिरीपतूर हाय, उद्या अंगनापतूर, मंग हातभर. मंग संपलं. कळ काढ थोडी. मंग जा खर्ड्याला म्हायेरी, निवांत ऱ्हा.”

आणि तसंच झालं. काही दिवसांनी स्वयंपाकघरात बेल वाजेनाशी झाली. सुकन्याने डबा कोपऱ्यातल्या खोलीत, खाटेवरच्या खिळ्याला टांगला. तिथे तर तो अगदीच गप्प. मग मधल्या खोलीत आणला, आणि तिथे तो वाजला. मधल्या खोलीत होतं काय? गव्हाची कणगी, पत्र्याची पेटी, बंद पडलेला टीव्ही, आणि गोधडीवर झोपलेली शुभी. सुकन्याने कणगीत कोपरापर्यंत हात घातला, पेटी उपसली, टीव्हीच्या मागे झाडू घालून पाहिला. जिथे बघायला हवं होतं तिथे काही तिने बघितलं नाही. आईची अक्कल तिकडे जातच नाही.

मग एक दिवस मधल्या खोलीतही बेल वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुकन्याने अंगण सारवलं, केस धुतले, खर्ड्याला न्यायची पिशवी भरली. मच्छिंद्रची सुट्टी होती. तो ओट्यावर आडवा झाला होता. डबा विहिरीत टाकून द्यावा म्हणून तिने फडताळावरून काढला, आणि जाता जाता शुभीला उठवायला वाकली. पोर आज फारच वेळ झोपली होती.

डबा वाजला.

सुकन्या मागे सरकली. डबा थांबला. ती पुढे झाली, डबा वाजला. हातभर अंतर. तिने डबा जमिनीवर ठेवला, मनाशी म्हणाली की नाही, असं नाही, आणि शुभीची मूठ उघडली.

मूठ रिकामी होती. बटण नाही, खण नाही, दोरा नाही. तिचा इवलासा डावा अंगठा मात्र तर्जनीवर दाबत होता, सुटत होता, पुन्हा दाबत होता. प्रत्येक दाबासरशी जमिनीवरचा डबा डिंग-डाँग करत होता. शुभीचं अंग तापलं होतं. तिचा उजवा हात सुकन्याने उचलून सोडला तर तो गोधडीवर तसाच पडला, आणि तोंडाची एक कड खाली ओढलेली होती. त्या कडेतून लाळ आली होती. दीड वर्ष सुकन्याने तसलीच लाळ, तशाच तोंडाची, रोज पदराने पुसली होती.

“अवो!” ती ओरडली.

६

मच्छिंद्र लुनावरून घोडेगावला गेला आणि काळीपिवळी जीप घेऊन आला. तोपर्यंत सुकन्या शुभीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. राहीबाई धावत आली होती आणि ओल्या फडक्याने पोरीचे पाय पुसत होती. सुकन्याने डबा शुभीच्या छातीवर धरला होता. आता हातभर अंतरही उरलं नव्हतं. अंगाला टेकवला तरच वाजायचा, आणि दोन वाजण्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. वाजला की शुभी डोळे उघडायची. थांबला की डोळे मिटायचे आणि ओठ पांढरे पडायचे. हे तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. सेल उतरायची वाट पाहत जिने दिवस काढले होते, तीच आता मनातल्या मनात घोकत होती, वाज, वाज, अजून एकदा वाज.

हे ती कुणाला कसं सांगणार होती? जीपमध्ये ती मागे बसली, पोर मांडीवर, मच्छिंद्र पुढे ड्रायव्हरशेजारी. “नगरला पोचू आपन, काय न्हाई व्हत,” तो म्हणाला. गाडी हमरस्त्याला लागली. पांढरीपूल यायच्या आधीच डबा वाजला, आणि मच्छिंद्र शॉक बसल्यासारखा मागे वळला.

“हे कशाला आनलंस? ह्याच्याच पायी झालंय समदं!”

“नका, अवो, ऐका तरी...”

त्याने हात मागे घालून डबा हिसकावला. झाकण उघडलं, सेल उपटले आणि एकेक करून खिडकीतून फेकले. मागोमाग डबाही गेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोरीवर त्याचा जीव होता, म्हणूनच त्याने ते केलं. सुकन्याला रागवायलाही जागा राहिली नाही.

तिने शुभीकडे पाहिलं. डोळे मिटलेले. अंगठा मात्र अजून हलत होता, हळूहळू दाबत होता, आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. सुकन्याने आपला तळहात त्या अंगठ्याखाली सरकवला.

दाब आला. तो तीन वर्षांच्या पोरीचा दाब नव्हता. कोरडा, कडक, नखाची कड रुतवणारा दाब होता तो. हा हात तिने रोज धुतला होता, रोज कूस बदलताना त्याने तिचं मनगट पकडलं होतं. झटकून टाकावा, किंचाळावं, पोरीला छातीशी ओढून गाडीतून उडी टाकावी, असं तिला वाटलं. पण शुभीचा दुसरा हात तिने चाचपला तर तो गार होता, पाय गार होते, आणि त्या इवल्या अंगात जी काही धुगधुगी शिल्लक होती ती त्या एका अंगठ्यात होती.

घाट लागला. जीप पहिल्या गिअरवर कण्हत चढू लागली. सुकन्याने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली आणि वाकून शुभीच्या कानाशी तोंड नेलं.

“सोडू नका, आत्या,” ती म्हणाली. “मी हाय हितंच. पोरीला सोडू नका.”

मच्छिंद्रने पुढून वळून पाहिलं. “कुनाशी बोलतीस?”

सुकन्याने मान वर केली नाही. तळहातावरचा दाब थांबला होता, आणि तो पुन्हा येण्याची ती वाट पाहत होती.